तरुण वयातील मूत्रपिंडाचा कर्करोग: उपप्रकार कसा ठरतो?
अठ्ठावीस वर्षांच्या भाच्याच्या अहवालात ‘पॅपिलरी’ (बोटांसारख्या उंचवट्यांत पेशी मांडलेला कर्करोगाचा उपप्रकार) असे स्पष्ट लिहिलेले असताना डॉक्टर आणखी तपासण्या का मागतात, हा आपला प्रश्न रास्त आहे. नागपुरात पॅथॉलॉजीचे काम करताना, चाळिशीच्या आतील रुग्णात केवळ पेशींच्या ठेवणीवरून दिलेले नाव मी अंतिम मानत नाही, कारण टीएफई३ जनुकाच्या फेरजुळणीतून (जनुकाचा तुकडा दुसऱ्या जनुकाला जोडला जाऊन) झालेली गाठ हुबेहूब पॅपिलरी किंवा क्लिअर सेल या फिकट पेशींच्या उपप्रकारासारखी दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात अशा गाठींना जनुकीय बदलांवरूनच नावे दिली आहेत. केंद्रकात ठळक लालसर ठिपका आणि त्याभोवती फिकट कडे दिसले, तर एफएच जनुकातील दोषाची शंका घ्यावी; हा दोष आनुवंशिक असू शकतो आणि त्यात स्त्रियांना गर्भाशयात गाठी होतात, म्हणून घरातील स्त्रियांना गर्भाशयातील गाठींसाठी लहान वयात शस्त्रक्रिया करावी लागली होती का, हे आवर्जून विचारावे. (तपासणीच्या अर्जावर ही जागा सहसा कोरीच असते!)

विदर्भात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून तो मुद्दाही सोडता येत नाही. मेड्युलरी कार्सिनोमा हा दुर्मीळ पण अतिशय आक्रमक प्रकार प्रामुख्याने सिकलसेलच्या वाहकांत (आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोषी जनुक आलेल्यांत), बहुधा उजव्या मूत्रपिंडात आढळतो. त्यात आयएनआय१ हे प्रथिन दाखवणारा तपासणीतील तपकिरी रंग शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये (निरोगी पांढऱ्या रक्तपेशींत) उमटतो, गाठीच्या पेशी मात्र कोऱ्या राहतात. वाहक असणे म्हणजे आजार नव्हे, म्हणून कुटुंबे ते सांगत नाहीत. भाच्याची सिकलसेल तपासणी झाली असल्यास तो कागद ब्लॉकसोबत (मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यासोबत) अवश्य पाठवावा.