प्रतिसाद: पुरोहिताशिवाय लग्न, पण कोरडं नाही
पुरोहिताशिवाय लग्न करू पाहणारे म्हणतात, 'देव नको, पण नुसत्या सहीचं (नोंदणी) लग्न कोरडं वाटतं', ते अगदी खरं आहे. सत्यशोधक समाजाची पुरोहिताशिवाय लग्न लावायची पद्धत १८७३ पासून आहे. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशीच बोलतात, मला तो गाभा फार मोलाचा वाटतो. त्यात निर्मिकाचा, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याचा, उल्लेख येतो. तो पटत नसेल तर स्वतःची वचनं लिहा, चार-पाच पुरेत, आणि ती पाठ करा.

कायदेशीर नोंदणीत घोळ होतो तो तारखेत. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं, विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस दिल्यानंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. साक्षीदार तीन. म्हणून हॉल नंतर, नोटीस आधी.