विषय: सांगलीची भाची, परराष्ट्र खात्यात शिरकाव कुठून?

मंडळी, नमस्कार.
भाची सांगलीला विलिंग्डनमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र, वय २१. यूपीएससीशिवाय काही वाट आहे का? आमचा इथला मुलगाही विचारतोय, तो ओसीआय आहे, म्हणजे नागरिकत्व परदेशी, फक्त भारतीय मूळ असल्याचं कार्ड.
— विश्रामबागकर

———

विश्रामबागकर काका,
मुलाचं एका ओळीत संपतं. परराष्ट्र सेवेला भारतीय नागरिकत्वच लागतं, ओसीआय चालत नाही. परदेशातले आपले दूतावास स्थानिक कर्मचारी घेतात, त्याची जाहिरात त्या-त्या दूतावासाच्या साइटवर येते. काम बहुतेक कारकुनी किंवा खिडकीवरचं.

भाचीने यूपीएससी सोडू नये, पण घाईही नको. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहाच संधी. ‘पेपर कसा असतो ते बघू तरी’ म्हणून पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला, तरी एक संधी गेलीच. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीतच असते. मुख्य परीक्षेतला ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर नुसता पात्रतेचा म्हणून मुलं वाऱ्यावर सोडतात. त्यात २५ टक्के पडले नाहीत, तर बाकीचे गुण धरलेच जात नाहीत.
— कराडकर

———

कराडकरताईंना पुस्ती जोडतो.
आपल्याकडे कुणी नाव घेत नाही ती वाट म्हणजे एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीची संयुक्त परीक्षा. त्यात परराष्ट्र मंत्रालयातलं सहायक कक्ष अधिकाऱ्याचं पद असतं. कुठलीही पदवी, वय २० ते ३०, वेतनस्तर ७, म्हणजे मूळ पगार ४४,९००. आधी दिल्ली, मग आळीपाळीने परदेशातल्या दूतावासात. पहिला टप्पा फक्त चाळणीचा, निवड दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर. बी.ए.वाल्यांचा घात होतो तो अंकगणितात, राज्यशास्त्र तिथे फारसं कामाला येत नाही. दुसरी चूक पसंतिक्रमाची: हे पद खाली टाकलं, तर चांगले गुण असूनही आयकरात जाऊन बसाल.
— वाईकर

———

आभार. जर्मनचा क्लास लावू का? पुण्याला जायची तयारी आहे तिची.
— विश्रामबागकर

———

काका, नोकरीसाठी जर्मनीला जायचं असेल तर जर्मन ठीक. पण संयुक्त राष्ट्रांची वाटही डोळ्यासमोर असेल, तर ती त्यांच्या सहा अधिकृत भाषांत नाही. त्या अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच, रशियन दोन्ही आहेत. बी२ पातळी (बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येणं) गाठली तर सांगण्याजोगं. ए१ चं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र बायोडेटात नुसती जागा अडवतं.

संयुक्त राष्ट्रांची तरुणांसाठीची वायपीपी परीक्षाही आहे. वयोमर्यादा ३२, पण त्यात भाग घेणाऱ्या देशांची यादी दरवर्षी बदलते. अभ्यासाआधी त्या वर्षी भारत यादीत आहे का, ते बघा. आणि ‘यूएनमध्ये लावून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा. अर्जापासून नेमणुकीपर्यंत यूएन एक रुपयाही घेत नाही.
— कराडकर