कायलो रेन: खलनायक की रुसलेला नातू?

खगोलवेडा: स्टार वॉर्सचा 'द फोर्स अवेकन्स' (२०१५) परत पाहिला. सुरुवातीलाच हा कायलो ब्लास्टर बंदुकीचा मारा हवेत थोपवतो, अंगावर काटा येतो. आणि पुढे? कैदेतली रे निसटली म्हणून खुर्चीवर सपासप वार! त्याच्याच बाजूचे दोन सैनिक (स्टॉर्मट्रूपर) आवाज ऐकून मागे वळतात, तिथे मी हसलो. जुन्या चित्रपटांतल्या खलनायकाला, ह्याच्या आजोबाला, व्हेडरला कुणी हसलं असतं का?

चहाबाज: हसू येतं तेच तर हवंय. व्हेडरला मुखवटा श्वासासाठी लागायचा. ह्याला कशालाच लागत नाही. आजोबांचं वितळलेलं शिरस्त्राण समोर ठेवून बोलतो, म्हणजे देव्हाराच की! व्हेडर बनायला निघालेला पोरगा आहे तो.

खटपट्या: त्याची प्रकाशाची तलवार बघा. आतला स्फटिक तडकलाय, म्हणून पातं तडतडतं. जास्तीची ऊर्जा बाहेर जावी म्हणून बाजूची दोन पाती. मालकही तसाच.

खगोलवेडा: हे आवडलं. पण नवख्या रेकडून हरतो ते?

सांजवेळ: पुलावर बापाला मारून आलाय, वर बापाच्या साथीदाराचा, च्युबॅकाचा मारा कुशीत. लढताना जखमेवर स्वतःच बुक्के मारतोय, रक्त बर्फावर. त्या पुलावर कायलो झालेल्या अॅडम ड्रायव्हरचा चेहरा बघ एकदा, मग बोलू.

खगोलवेडा: पूल मान्य. आज रात्री तेवढाच बघतो. खुर्चीला मात्र अजून हसणार.