व्हाइस सिटीला रे ट्रेसिंग लावलंय, पण रात्र झाली की सगळं ठार काळं. मदत हवी आहे

खिडकीजवळचा_पीसी

मंडळी, तीन रविवार यात गेले. चौथा जाऊ नये म्हणून विचारतोय.

खेळ जुनाच, २००३ मध्ये पीसीवर आलेली जीटीए व्हाइस सिटी. इस्लामपूरला सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून आम्ही दोघं भाऊ खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, मिशन एकही धड पुरं केलं नाही. 'पॅन्झर' टाइप करून रणगाडा मागवायचा आणि समुद्राकडेनं हिंडायचं. रात्री ओशन व्ह्यू हॉटेलच्या आसपास गुलाबी-निळ्या पाट्या पेटल्या की दादा गाडी थांबवून नुसता बघत बसायचा. तेवढ्यात कॅफेवाला ओरडायचा, टाइम झाला. माझी पाळी बहुतेक वेळा त्यातच जायची. दादा आता मस्कतला असतो, गणपतीला येतोय. त्याला तोच रस्ता खऱ्या उजेडात दाखवायचा, एवढंच डोक्यात आहे.

एनव्हिडियाचं आरटीएक्स रीमिक्स वापरतोय, म्हणजे जुन्या खेळात रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण हिशोबात धरून उजेड-सावली काढणं) बसवणारं साधन. लॅपटॉपला ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी. खेळ डायरेक्टएक्स ८ चा (खेळ ग्राफिक्स कार्डाशी ज्या बोलीत बोलतो ती) आहे, म्हणून ८ चं ९ करणारी डीएलएल फाइल मध्ये बसवावी लागली. चालू झाल्या झाल्या रडार आकाशात ताटासारखं लटकत होतं, ते ऑल्ट-एक्सच्या मेनूतून यूआय (दृश्याचा भाग नसलेली, पडद्यावरची पाटी) म्हणून टॅग केल्यावर जागेवर गेलं. १०८० पीला डीएलएसएस (लहान चित्र काढून एआयनं मोठं करणं) परफॉर्मन्सवर ठेवून चाळीसच्या आसपास एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, मिळतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

दिवसा तर बघत राहावं असं दिसतं. गुलाबी भिंतीला खेटून पांढरी गाडी लावली तर दारावर हलकी गुलाबी झाक येते, आणि गाडी पुढे घेतली की झाक मागे सरकत सरकत जाते. मूळ खेळात हे कधीच नव्हतं.

पण खेळात रात्रीचे नऊ वाजले की काळोख. रस्त्यावरचे दिवे पेटलेले दिसतात, दिव्याभोवतीचं तेजोवलयही दिसतं, पण खाली रस्त्यावर उजेडाचा टिपूस नाही. बायको म्हणाली, तीन रविवार जागून तू लोडशेडिंग केलंस.

आणखी दोन गोष्टी. गाडीखाली खरी सावली पडते तरी एक काळा डाग वेगळा उरतोच. आणि उंच इमारतीच्या सावलीत उभं राहून इमारतीकडे पाठ केली की सावली गायब, भर्रकन ऊन.

घाटावरचा

तुमच्या खेळात दिवे नव्हतेच कधी, हे आधी लक्षात घ्या. ते वलय म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून चिकटवलेलं एक चित्र. खांबाखाली रस्त्यावर जो उजेड दिसायचा तोही एक पांढरट डाग, वरून चिकटवलेला. इमारतींवरचा उजेड-अंधार मॉडेलच्या कोपऱ्याकोपऱ्यात रंग म्हणून आधीच भरून ठेवलेला असतो. ८०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं कार्ड, एवढ्यावर चालायला हवा होता तो खेळ. खरे दिवे कुठून परवडणार?

रीमिक्सला खेळाचा सोर्स कोड दिसत नाही. खेळ कार्डाला जे 'हे पडद्यावर काढ, ते काढ' सांगतो ते मधल्या मध्ये ऐकायचं आणि त्यावरून दृश्य उभं करायचं, एवढंच त्याचं काम. चित्राचा दिवा झाला नाही तो म्हणून.

गाडीखालचा डाग त्यातलाच, खोट्या सावलीचं टेक्स्चर (वस्तूवर चिकटवलेलं चित्र). मेनूत टेक्स्चरच्या यादीत शोधा आणि इग्नोरमध्ये टाका. पाच मिनिटांचं काम. भरलेले रंग फार त्रास देत असतील तर व्हर्टेक्स कलर स्ट्रेंग्थ कमी करून बघा.

सावली जाते कारण पाठीमागची इमारत खेळ काढतच नाही. दिसत नाही ते काढायचं नाही, हा तेव्हाचा काटकसरीचा नियम. पण किरण मागेही जातात. तिथे इमारत नाही, मग ऊन थेट आत. अँटी-कलिंग, म्हणजे मागचं गाळू न देणारी सोय, चालू करा. मात्र चालत्या गाड्यांवर नीट लक्ष ठेवा, कधी कधी भुतासारख्या मागे उभ्या राहतात.

जुनं_तेच_बरं

स्पष्ट बोलतो, राग नको. क्वेक २ चं आरटीएक्स रूप २०१९ मध्ये आलं ते मला आवडलं, कारण त्याचा कोड २००१ पासून खुला होता आणि लोकांनी रेंडररच, म्हणजे चित्र काढणारा भागच, नवा लिहिला. शिवाय अंधाऱ्या बोळांच्या खेळाला ते शोभतंही. व्हाइस सिटीचं तसं नाही. तिचं संध्याकाळचं नारिंगी आभाळ कुणीतरी तासातासाचे आकडे भरून हातानं रंगवलंय. याच खेळाची २०२१ ची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, आठवा. नवा उजेड लोकांना इतका खटकला की २०२४ च्या नोव्हेंबरात अपडेट देऊन 'क्लासिक लायटिंग' परत आणावं लागलं. तुमच्या दादाला आठवतोय तो खोटाच उजेड आहे.

खिडकीजवळचा_पीसी

@जुनं_तेच_बरं, राग कसला. आभाळाचे आकडे टाइमसायक फाइलमध्ये आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. संध्याकाळी सात ते आठच्या ओळींवरून सूर्याचा रंग रीमिक्समध्ये हातानं भरतोय. अगदी तसंच नाही येत, पण निदान पांढरं फटक ऊन गेलं.

@घाटावरचा, डाग गेला. अँटी-कलिंगनं सावलीही थांबली, भुतं एक-दोनच दिसली.

दिव्यांचं असं केलं: रीमिक्सच्या टूलकिटमध्ये रस्त्याचा कॅप्चर (त्या क्षणाच्या दृश्याची नोंद) घेतला, खांबाचं मॉडेल शोधलं आणि त्याच्या डोक्यावर एक गोल लाइट अडकवला. एका खांबाला लावला तर त्या जातीच्या सगळ्या खांबांना लागला! उठून उभाच राहिलो. मग दिवस उजाडला. खांब दिवसाही तोच, त्यामुळे लाइटही चालू. भर दुपारी सगळे दिवे ढणाढणा, आमच्या गावच्यासारखेच. वलयाला लाइट अडकवायचाही प्रयत्न केला, कारण ते फक्त रात्री येतं. पण त्याचा हॅश (रीमिक्स वस्तू ज्यावरून ओळखतं तो क्रमांक) दर फ्रेमला बदलतो, टिकत नाही. आता?

लिंबूटिंबू

दुपारी बारा वाजता उन्हापुढे तो लाइट दिसतो तरी का? नसेल दिसत तर सोडून द्या की राव.

खिडकीजवळचा_पीसी

उघड्यावर नाही दिसत. पण पावसाळी दुपारी आणि पुलाखाली दिसतो. आणि मला माहीत आहे ना तो चालू आहे ते.

घाटावरचा

मॅप्सच्या फोल्डरमध्ये आयडीई फाइली आहेत, साध्या मजकुराच्या. त्यात 'टीओबीजे' नावाचा भाग बघा. ठरावीक वेळेतच दिसणाऱ्या वस्तू तिथे लिहिलेल्या असतात, ओळीतले शेवटचे दोन आकडे म्हणजे दिसायचा तास आणि लपायचा तास. निऑनच्या पाट्या आणि रात्री उजळणाऱ्या खिडक्या यातूनच येतात. म्हणून पाट्यांचं काम सोपं आहे, टेक्स्चरला एमिसिव्ह (स्वतः उजेड देणारं) करा, रात्रीच पेटतील.

खांबांसाठी एक लहानसं बल्बाएवढं मॉडेल करा आणि ते टीओबीजेत टाका, २० ते ६. आयपीएल फाइलमध्ये खांबांच्या जागा दिलेल्या आहेत, तिथले आकडे उचलून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर तो बल्ब बसवा. खांबावरचा लाइट काढून बल्बाला अडकवा. आठ वाजता खेळच बल्ब पडद्यावर काढायला लागेल, त्याबरोबर लाइट येईल. बल्ब हलत नाही, त्यामुळे हॅशही टिकेल.

पूर्ण शहर करत बसू नका. दादाचा रस्ता तेवढा करा. आणि पुढेमागे कुणाला द्याल तर फक्त मॉडचं (तुम्ही केलेल्या बदलांचं) फोल्डर द्या, खेळाच्या मूळ फाइली नकोत.

खिडकीजवळचा_पीसी

हॉटेलच्या रांगेतले खांब झाले. पहिल्यांदा उंचीचा आकडा चुकला आणि सगळे बल्ब जमिनीत गेले, रस्ता खालून उजळला. तेही वाईट दिसत नव्हतं, खरं सांगतो.

आता सव्वासातला गाडी लावून बसलोय. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे आठ वाजायला पाऊण मिनिट लागतं. बरोबर आठला पाट्या पेटल्या, मग दिवे. गाडीच्या बॉनेटवर पाटीचा गुलाबी रंग उतरला आणि शेजारून टॅक्सी गेली तेव्हा तो क्षणभर तिच्या टपावरून गेला.

सकाळचं अजून तपासलं नाही.