बुटिकमध्ये नुसतं बघायला जायलाही अपॉइंटमेंट? मला हे पटत नाही, तुमचं काय म्हणणं?

फोंड्याची मावशी
भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. बस्ता बेळगावला बांधायचा ते ठरलेलंच आहे पण रिसेप्शनला काहीतरी वेगळं हवं म्हणून गेल्या रविवारी मी, बहीण आणि भाची अशा तिघी गोव्यातल्याच आसगावला गेलो. तिथे जुन्या पोर्तुगीज पद्धतीच्या घरांत आता कपड्यांची किती दुकानं झालीत ते सगळ्यांना माहीत आहेच. एका घरासमोर गाडी लावली, बलकांवात (दारापुढच्या बसायच्या ओसरीत) एक हिरवी ओढणी टांगलेली होती, रंग असा की मी रस्त्यावरूनच थांबले. दुकानाचं नाव लिहीत नाही. गेटवर एक मुलगा होता, अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम अपॉइंटमेंट आहे का? नाही म्हटलं तर म्हणाला इंस्टावर मेसेज करा, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळेल. बहीण म्हणाली अहो आम्हाला फक्त बघायचंय. तर तो म्हणाला फक्त बघायला नाही सोडत.

हे "फक्त बघायला" मला लागलं. अपमान वगैरे सोडा, त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला सांगितलंय तेच तो बोलणार. पण माझ्या आईला कापडातलं जे कळायचं ते तिला कुणी अपॉइंटमेंट देऊन शिकवलं नव्हतं. चोर्ला घाटातून बेळगावला जायचो, शहापूरच्या दुकानांत गादीवर बसायचं, दुकानदार एकामागून एक घड्या मोडत जायचा आणि आई साडी उलटी करून बघायची. पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसला तर ती हातमागाची, मागे धागे लोंबत असले तर मशीनची. इरकल असेल तर पदर अंगाला जिथे जोडलाय तो जोड बघायचा. चाळीस साड्या बघून एक घ्यायची नाहीतर एकही नाही घ्यायची. दुकानदार चहा पाजून म्हणायचा, पुढच्या वेळी या वहिनी.

डोळा असा तयार होतो. ज्याला घ्यायचं नक्की आहे त्यालाच आत सोडलं तर ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याने चांगलं कापड कुठे बघायचं? भाची 24 वर्षांची आहे, तिने आजवर सगळं फोनवरच घेतलंय. तिला हाताने पोत बघायला शिकवावं म्हणून मी तिला मुद्दाम नेलं होतं.

शिवोलीकर मुलगी
मावशी, तुम्हाला वाईट वाटलं त्याबद्दल मलाच वाईट वाटलं, कारण मी अशाच एका ठिकाणी काम करते (तुम्ही गेलात ते नव्हे). पण आतल्या बाजूने कसं दिसतं तेही ऐका.

आमच्याकडे दोघीच. एक मी, एक शिवणाऱ्या मास्टरजींना मदत करणारी. ऑक्टोबर ते मार्च सीझनला आम्ही दरवाजा उघडा ठेवायचो तेव्हा दिवसभर लोक यायचे आणि बहुतेकांना कपडे नाही, घर हवं असायचं. खिडकीत बसून फोटो, जिन्यावर फोटो, हँगरवरचा जॅकेट अंगात घालून फोटो आणि परत जमिनीवर. बीचवरून थेट आलेले, हाताला सनस्क्रीन, आणि हातमागाच्या पांढऱ्या कापडावर तो डाग पडला की जात नाही हो, आम्ही सगळं करून बघितलं. असे तीन पीस एका सीझनमध्ये वाया गेले, आणि एक पीस विणायला विणकराचे कित्येक दिवस गेलेले असतात.

आणि ज्या दिवशी मालकिणीने ठरवलं की पुरे झालं, त्या दिवशी आत एक नवरी होती. ट्रायलला, ब्लाउज अर्धा पिनांवर, आरशासमोर उभी. बाहेरून सात-आठ जणांचा ग्रुप आला आणि त्यातला एकजण चुकून पडदा सरकवून आत. ती मुलगी रडली. आता तिला दोन तास देतो, दार बंद, आई-मावशी सगळ्या सोबत, चहा-कॉफी, कापड उलटसुलट करून दाखवतो, मागची बाजूसुद्धा. तुमची आई जे गादीवर बसून करायची तेच आम्ही करतो, फक्त एका वेळी एकाच घरासाठी.

म्हापसेकार
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात या. कुणी विचारत नाही घेणार का म्हणून. मिरच्या, चौरीस (गोव्याचे सॉसेज), मातीची भांडी, कपडे, सगळं हात लावून बघा. दुकान म्हणजे बाजाराचाच तुकडा आणि बाजाराला गेट नसतं. एवढंच.

शिवोलीकर मुलगी
दादा, बाजारात तीनशे रुपयाचा टॉप असतो. तीस हजाराचा पीस तुम्ही तसा ठेवाल का?

म्हापसेकार
सोनार ठेवतो की. लाखाचा हार मागितला की काढून दाखवतो, काउंटरच्या पलीकडे स्वतः उभा राहतो आणि कॅमेरा लावतो, पण दार उघडं असतं. मडगावात, पणजीत कुठल्याही सोनाराकडे जा, आधी वेळ घेऊन ये म्हणत नाही.

पेडण्याचा नातू
सोनाराचा विषय निघालाच आहे तर लिहितो. अपॉइंटमेंटने खरेदी हे काही आसगावात आता नव्याने आलेलं नाही. आमच्या गावात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या घरी लग्न ठरलं की शेट म्हणजे सोनार स्वतः घरी यायचा, दागिन्यांची पेटी घेऊन, बलकांवात बसायचा. दर्जी मशीन घेऊन यायचा आणि आठवडाभर तिथेच शिवत बसायचा. दुकानच घरी यायचं, वेळ ठरवून. माझी आजी त्या घरची मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारी, ती हे सगळं अंगण झाडताना लांबून बघायची. पेटीत काय होतं ते तिला कधीच दिसलं नाही. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा आला तो 1975 ला, पण आजी मला सांगायची ती वेगळीच गोष्ट, की लग्नानंतर पहिल्यांदा ती म्हापशाला गेली आणि एका कापडाच्या दुकानात शिरली, काही घेतलं नाही, आणि दुकानदाराने तिला साडी उलगडून दाखवली. बस, एवढंच. सत्तर वर्षांची होईपर्यंत सांगायची, जांभळी होती म्हणून.

म्हणून मला गेट बघितलं की राग येतो. दुकानाचं उघडं दार ही आमच्यासारख्यांना उशिरा मिळालेली गोष्ट आहे, ती कुणी परत घेऊ नये.

अठरा जून रोड
पेडण्याच्या नातवाने लिहिलं ते जगभर असंच झालंय. पूर्वी युरोपातही दुकानात शिरलात की काहीतरी घ्यायलाच पाहिजे असं वातावरण असायचं, किंमत लिहिलेली नसायची, माणूस बघून सांगायचे. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको 1852 ला बॉं मार्शे दुकानात भागीदार झाला आणि त्याने ठरलेली किंमत मालावर लावणं, कुणीही आत येऊन बघणं, पटलं नाही तर परत करणं या गोष्टी मोठ्या प्रमाणावर रुळवल्या. लंडनला सेल्फ्रिजेस 1909 ला उघडलं, तेही याच तत्त्वावर, माल काचेमागे नको, हाताला लागेल असा टेबलावर हवा. म्हणजे नुसतं बघत फिरणं हा हक्क फार तर पावणेदोनशे वर्षांचा आहे. आणि आता सगळ्यात महाग ब्रँड उलट दिशेला चाललेत. शनेलने 2022 ला सांगितलं की मोठ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी खाजगी बुटिक काढणार. पॅरिसमध्ये हर्मेसची लेदरची बॅग बघायची तर आदल्या दिवशी साइटवर नाव टाकायचं, नंबर लागला तर वेळ मिळते, तीही बॅग मिळेलच असं नाही. त्यांच्या बर्किन बॅगवरून 2024 ला कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकांनी खटला टाकला होता की आधी बाकीचा माल घ्या मगच ती बॅग दाखवतात म्हणून. कोर्टाने तो फेटाळला. जिच्या नावावरून ही बॅग आहे त्या जेन बर्किन या अभिनेत्रीची मूळ बॅग 2025 ला पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोच्या आसपास गेली. दुर्मिळ ठेवलं की भाव कुठे जातो बघा.

शिवोलीकर मुलगी
पण आमचं आणि त्यांचं एकत्र करू नका ना. त्यांच्याकडे माल मुद्दाम कमी ठेवतात. आमच्याकडे माणसंच कमी आहेत. दोन बायका, एक मास्टरजी, आणि पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून चोवीस तास चालणारा एसी.

मडगावची सून
मी अपॉइंटमेंटच्या बाजूने. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुकानभर फिरणं नाही जमत. गेल्या वर्षी एका ठिकाणी वेळ घेऊन गेलो, पायऱ्या चढायला दोघांनी हात दिला, खुर्ची तयार, त्यांना फिकट रंग आवडतात ते मी फोनवर सांगितलेलं म्हणून तसेच सहा पीस काढून ठेवलेले. त्या किती वर्षांनी स्वतःसाठी स्वतः निवडून काहीतरी घेत होत्या. सणाच्या गर्दीत मोठ्या दुकानात नेलं असतं तर त्या दारातूनच म्हणाल्या असत्या तूच बघ गं.

फोंड्याची मावशी
मडगावची सून, हे मात्र मी मान्य करते, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

पण मला एक सांगा, त्या दिवशी सासूबाईंना काहीच आवडलं नसतं तर तुम्ही न घेता उठला असता? आपल्याकडे भीड नावाची गोष्ट आहे. कुणी आपल्यासाठी दोन तास काढले, कॉफी दिली, कपडे एकेक करून मांडले, नावाने हाक मारली, की उठताना पाय जड होतात. दोन वर्षांपूर्वी पणजीत अशाच एका ठिकाणी वेळ घेऊन गेले होते आणि मनापासून आवडला नव्हता तरी 14 हजाराचा दुपट्टा घेऊन आले, कारण ती मुलगी इतकी गोड बोलत होती. अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच. बेळगावच्या गादीवर भीड नव्हती कारण शेजारी आणखी चार कुटुंबं बसलेली असायची, आपण उठलो तर दुकानदाराचं काही अडायचं नाही. एकट्यासाठी उघडलेल्या दुकानात न घेता उठणं फार कठीण असतं हो.

मडगावची सून
खरं सांगू? सहातला एक आवडला, आणि दुसरा मी भिडेखातरच घेतला.

शिवोलीकर मुलगी
मावशी, न घेता गेलात तर आम्हाला राग येत नाही, खरंच. अपॉइंटमेंट घेऊन येणाऱ्यांतले बरेचजण तसेच जातात. पण तुमचं भिडेचं म्हणणं मी आज मालकिणीला वाचून दाखवलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

कोलवाळचो
इथे कुणी वेंडेल रॉड्रिक्सचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. पद्मश्री मिळालेला मोठा डिझायनर, जगभरची गिऱ्हाइकं. 2020 ला गेला. पण त्याने काय केलं तर कुणबी साडी, जी आपल्या आज्या-पणज्या शेतात नेसायच्या आणि नंतर कुणी विणेनासंच झालं, ती लाल चौकड्यांची साडी परत मागावर आणली. आणि कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात गोव्याच्या पोशाखांचं म्युझियम करायचं ठरवलं, मोडा गोवा. म्हणजे ज्याला विकत घ्यायचं नाही त्यानेही बघावं म्हणूनच ना? महाग कपडा करणाऱ्या माणसालाही हे वाटत होतं. माझं म्हणणं एवढंच की गोव्यात कापड विकणाऱ्याने गोंयकाराला गेटवरून परत पाठवू नये. टूरिस्टचं काय ते तुम्ही ठरवा.

शिवोलीकर मुलगी
गोंयकार आणि टूरिस्ट असं गेटवर कसं ओळखायचं? भाषेवरून? कपड्यांवरून? मग तेच झालं ना, माणूस बघून आत घेणं. त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम बरा. पणजीच्या फॉन्ताइन्हासमध्ये लोकांच्या घरांसमोर फोटोवाल्यांची रांग लागते, तिथे राहणाऱ्यांना विचारा उघडं दार किती महाग पडतं.

पेडण्याचा नातू
हे पटलं. गेटवर चेहरा बघून सोडण्यापेक्षा सरळ वेळ घेणं बरं. पण मग वेळ घेण्याची पद्धत तरी अशी करा की माझी आजी असती तर तिला घेता आली असती. इंस्टावर मेसेज, इंग्रजीत फॉर्म, त्यात बजेट किती म्हणून चौकोन. बजेट आधी विचारणं म्हणजे गेटवरच पाकीट उघडून बघण्यासारखं आहे.

शिवोलीकर मुलगी
बजेटचा चौकोन आमच्या फॉर्ममध्ये पण आहे. तो मला पण आवडत नाही.

फोंड्याची मावशी
माझी मागणी फार मोठी नाही. नवऱ्यामुलींची वेळ त्यांना द्या, पडदा लावा, दार बंद करा, त्याला माझा विरोधच नाही आणि त्या मुलीची गोष्ट वाचून मला पण कसंतरी झालं. पण आठवड्यातली एक दुपार, सीझनमध्ये नको तर पावसाळ्यात, जेव्हा तसंही कुणी नसतं, तेव्हा दार उघडं ठेवा. बॅगा बाहेर, फोन बाहेर, हात धुवून आत. आणि घेणार का असं कुणी विचारायचं नाही. मी स्वतः भाचीला घेऊन येईन आणि मुकाट्याने हात धुवून बसेन.

भाचीला काल विचारलं, तर म्हणाली मावशी, मला त्या दिवशी गेटवरून परत यायचं वाईट नाही वाटलं, पण तू ती हिरवी ओढणी रस्त्यावरून ओळखलीस की ती हातमागाची आहे ते कसं ओळखलंस ते मला सांग. आता हे तिला गाडीत बसून कसं सांगू? ते कापड हातातच घ्यावं लागतं.

शिवोलीकर मुलगी
मालकिणीशी बोलले. पावसाळ्यात गुरुवारी तीन ते सहा, बघूया म्हणाली. हो म्हणालेली नाही, बघूया. बजेटचा चौकोन मात्र आज काढला. मावशी, पत्ता तुम्हाला पर्सनलवर पाठवते, भाचीला घेऊन या, आमच्याकडे पण एक हिरवी आहे.