दुसऱ्या क्लबनं काढलेला रिलीफ पिचर: घ्यावा की नाही?

परभणी_इन्फिल्ड

मंडळी, सल्ला पाहिजे. दिवाळीनंतरच्या स्पर्धेसाठी आमच्या क्लबच्या यादीत एकच जागा उरलीय. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका क्लबनं मागच्या महिन्यात त्यांचा रिलीफ पिचर (सामन्यात मधेच येऊन चेंडू टाकणारा) यादीतून काढला. वय २३, उजवा हात, सॉफ्टबॉलमधून बेसबॉलकडं आलेला. फास्टबॉलला जोर आहे, कर्व्ह बरा पडतो, पण शेवटच्या सात सामन्यांत पार ढेपाळला. आकडे असे: ८ इनिंग, ९ हिट, ९ वॉक (चार चेंडू बाहेर पडून बॅटरला फुकट बेस), एका बॅटरला चेंडू लागला, १ होमरन, १० स्ट्राइकआउट, ११ अर्न्ड रन (पिचरच्याच खात्यावरचे). ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागं अर्न्ड रन, १२.३८. यातल्या एकाच सामन्यात एक आउट काढून ४ वॉक, २ हिट आणि ५ रन दिले.

आमचे दोन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत ओढतात. पुढं कोणीच नाही. सध्या शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) उचलून माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आणतो, म्हणजे पिचिंग कामचलाऊ आणि शॉर्टला भगदाड. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो फुकट मिळतोय, घ्या. दुसरा म्हणतो चांगला असता तर त्यांनी सोडला कामून? घ्यायचा का? आणि घ्यायचा झाला तर आधी काय काय तपासावं?

स्कोअरबुक_नांदेड

भाऊ, पहिल्यांदा तो १२.३८ कागदावरून खोडा. तुमचे सामने सात इनिंगचे असतील तर नऊनं गुणायचंच नाही, सातनं गुणा, ९.६३ येतो. तोही वाईटच, पण निदान तुमच्या सामन्यांच्या मापाचा.

आता तो एक सामना वेगळा काढा. उरलेल्या ७ पूर्णांक २/३ इनिंगमध्ये ६ रन. रिलीव्हरची अडचण हीच की त्याच्या नावावर इनिंग इतक्या थोड्या असतात की एका वाईट संध्याकाळीत सगळा हिशेब बुडतो. म्हणून मी रन पाहतच नाही, बॅटर मोजतो. एकूण साधारण ४३ बॅटर आले, त्यात ९ वॉक, म्हणजे दर पाचामागं एक. हे कुठल्याही मैदानावर चालणार नाही. तो सामना वगळला तर ३६ बॅटर आणि ५ वॉक, सातामागं एक. जास्तच आहे, पण यावर काम करता येतं. आणि ४३ मध्ये १० स्ट्राइकआउट म्हणजे बॅटर अजून चुकतायत. चेंडूत दम शिल्लक आहे.

याहून महत्त्वाचं, मूळ स्कोअरशीट मागवा. आपल्याकडं स्कोअरला बसणारा पुष्कळदा क्रिकेटचा असतो आणि रन झाला की पिचरच्या नावावर टाकून मोकळा होतो. शीटवर तीन गोष्टी बघा.

दोन आउट असताना एररमुळं (फील्डरच्या चुकीमुळं) तिसरा आउट हुकला आणि त्याच इनिंगमध्ये पुढं रन आले, तर ते अनअर्न्ड धरायला पाहिजेत. धरलेत का?

कॅचरच्या पायातून गेलेला चेंडू वाइल्ड पिच (पिचरची चूक) लिहिलाय की पास्ड बॉल (कॅचरची चूक)? पास्ड बॉलवर आलेला रन सहसा पिचरचा अर्न्ड नसतो.

तिसरी उलट बाजू. बेसवर आधीच रनर असताना तो माउंडवर आला आणि ते रनर होमला पोचले, तर ते रन आधीच्या पिचरच्या नावावर जातात. असे किती रनर त्याला वारशात मिळाले आणि त्यातले किती आत आले हे हातानं मोजा. स्वतःचा ईआरए झकास आणि दुसऱ्याचे रनर सगळे घरी सोडणारे रिलीव्हर असतात. तुम्हाला सहाव्या इनिंगला बेसवर रनर असतानाच तो लागणार आहे, म्हणून तुमच्यासाठी हाच आकडा खरा.

डगआउट_जालना

माझं मत वेगळं. घेऊ नका.

अमेरिकेतल्या मेजर लीगचं उदाहरण सगळे देतात की तिकडं काढलेला रिलीव्हर लगेच दुसरी टीम उचलते. पण तिकडचा हिशेब बघा. खेळाडूला आधी ४० जणांच्या यादीतून हलवतात. ट्रेड (अदलाबदल) किंवा वेव्हरसाठी (इतर टीमना तो घ्यायची संधी) टीमकडं सात दिवस असतात. कोणी घेतला नाही आणि तो मोकळा झाला, की नवी टीम त्याला फक्त किमान पगाराचा उरलेल्या दिवसांपुरता हिस्सा देते. २०२५ मध्ये हा किमान पगार वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर होता. मूळ कराराची बाकी रक्कम जुन्या टीमच्याच बोडक्यावर. नाही जमला तर महिन्याभरात वाटेला लावतात, मागं मायनर लीगमध्ये डझनभर पोरं उभी असतात.

आपल्याकडं पगार नाही म्हणून फुकट वाटतं. किंमत आहे ती जागेची. एकदा यादी गेली की स्पर्धा संपेपर्यंत ती जागा त्याचीच. त्या जागेवर तुमचा सेंटर फील्डर, ज्याचा हात सरळ आहे आणि जो दहातले सात चेंडू प्लेटवर टाकतो, तो पिचिंगसाठी तयार झाला असता. सात इनिंगच्या सामन्यात शेवटच्या दोन इनिंगला जोर लागत नाही, स्ट्राइक लागतात. आपल्या पातळीवर वॉक, चोरी, पास्ड बॉल, रन असंच होतं. हिट मारून जिंकणारे संघ कमी, वॉक घेऊन जिंकणारे जास्त.

आणि ना-हरकत पत्राचं काय? जुन्या क्लबकडून लेखी घ्या आणि दोन्ही जिल्हा संघटनांना आधी विचारा. ऐन स्पर्धेत तक्रार झाली तर पिचरसकट सामनाही जायचा.

कॅचर_लातूर

जालनेकर सरांचं जागेचं म्हणणं बरोबर आहे, पण सेंटर फील्डर महिनाभरात पिचर होईल हे मला पटत नाही. सेंटरवरून होमला अचूक फेकणं वेगळं. रनर फर्स्टवर असताना सेट पोझिशनमध्ये पूर्ण थांबून, बॉक (नियमाबाहेरची हालचाल) न करता, १८.४४ मीटरवरून ४३ सेंटीमीटर रुंदीच्या प्लेटवर टाकणं वेगळं. नवीन पोरगं हमखास थांबायचं विसरतं, अंपायर बॉक देतो आणि सगळे रनर एकेक बेस पुढं.

परभणीकर, निर्णय कमिटीत घेऊ नका, मैदानावर घ्या. तासाभराची चाचणी पुरते. पण नुसते ३० चेंडू टाकायला लावून 'वा, जोर आहे' म्हणू नका. बुलपेनमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, सगळेच वाघ असतात. रिलीव्हरची परीक्षा रिलीव्हरसारखी घ्या.

अंग मोकळं करून पंधरा-वीस थ्रो, हळूहळू अंतर आणि जोर वाढवत. मग २० चेंडू पूर्ण जोरानं, बॅटर उभा करून. बॅट फिरवायची नाही, फक्त उभं राहायचं, कारण रिकाम्या प्लेटवर टाकणारा आणि माणसाशेजारून टाकणारा एकच पिचर नसतो. मग त्याला २० मिनिटं सावलीत बसवा आणि अचानक उठवा. अंपायर माउंडवर सहसा आठच वॉर्म-अप देतात, तुम्हीही आठच द्या. लगेच फर्स्ट आणि सेकंडवर रनर ठेवून पाच काल्पनिक बॅटर. प्रत्येकाला पहिला चेंडू स्ट्राइक पडला का, एवढंच लिहा. पाचातले तीन पडले तर पुढं बोला. दोन किंवा कमी, तर जालनेकर जिंकले.

चेंडू कुठं चुकतो तेही लिहा. उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू वर आणि उजव्या बॅटरच्या अंगावर जात असेल तर बहुतेक डावा खांदा लवकर उघडतोय आणि हात मागून येतोय. हे महिनाभरात सुधारतं. खाली आणि बाहेरच्या बाजूला खेचला जात असेल तर उशिरा सोडतोय, तेही चालेल. पण एक वर, एक खाली, एक मागच्या जाळीवर, काहीच नमुना नाही, असं असेल तर सोडण्याची जागाच ठरलेली नाही. त्याला दिवाळी पुरणार नाही.

सॉफ्टबॉलमधून आलाय म्हणालात. तो अजून आठवड्यात सॉफ्टबॉलचं पिचिंगही करतो का विचारा. खालून गोल फिरवून टाकणं आणि वरून टाकणं एकाच आठवड्यात चालू असेल तर सोडण्याचं टायमिंग बिघडतं. मग दोन्हीतलं एक सोडायला सांगा.

माती_मुरूम_बीड

कोणी माउंडचं विचारलंच नाही! त्याच्या जुन्या क्लबचं मैदान कसं आहे ते आधी बघून या.

नियमाचा माउंड १० इंच उंच, आणि रबराच्या (पिचर पाय ठेवतो ती पट्टी) पुढं ६ इंचांपासून दर फुटाला एक इंच उतार. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी सपाट मैदानात फळी ठोकतात आणि तिलाच माउंड म्हणतात. उताराची सवय असलेला पिचर सपाटीवर टाकायला गेला की पुढचा पाय लवकर टेकतो, हात मागं राहतो, चेंडू वर जातो. उलट पाय टेकायच्या जागी खड्डा असेल तर पाय उशिरा टेकतो, घोटा वळतो आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूनंतर पोरगं जपून टाकायला लागतं. दुसऱ्याच्या माउंडवर दिलेले वॉक निम्मे तरी मातीचे असू शकतात.

तुमच्याकडचीही माती बघा. काळी माती कापूस-सोयाबीनला चांगली, माउंडला नाही. ओली झाली की स्पाइकला किलोभर चिकटते, वाळली की भेगा. चाळलेला मुरूम आणि चिकणमाती मिसळून दोन-अडीच इंचांचे थर द्या, प्रत्येक थर ओलसर करून धुमसानं ठोका. रबरापासून पाच-सहा फुटांवर जिथं पाय पडतो तिथं वीटभट्टीवरच्या कच्च्या, न भाजलेल्या विटा दाबून बसवा. राख कमी असलेल्या निवडा, नाहीतर भुगा होतो. अमेरिकेत मैदानं राखणारेही तिथं कच्च्या मातीच्या विटाच घालतात. वरून हात फिरवून पाण्याचा हबका, आणि रात्री ताडपत्री.

आणि चाचणीला कोरा चकचकीत चेंडू देऊ नका. नवीन कातडं निसटतं. मेजर लीगमध्ये प्रत्येक नवा चेंडू सामन्याआधी खास चिखलानं चोळतात, तो डेलावेअर नदीच्या पट्ट्यातून येतो. आपल्याकडं चिमूटभर ओली माती हातावर घेऊन चोळली की झालं. घाम येत असेल तर राळेची पुरचुंडी माउंडमागं ठेवा.

परभणी_इन्फिल्ड

स्कोअरशीट मिळाली. नांदेडकर सर, तुमचं खरं निघालं. त्या ५ रनच्या सामन्यात दोन आउटनंतर शॉर्टचा एरर आहे आणि पुढचे सगळे रन अर्न्ड लिहिलेत. पण वारशातले रनर मोजले तर ७ पैकी ५ आत आले. हे वाईट ना?

वेगाचं कसं मोजायचं? रडार गन कोणाकडंच नाही.

स्कोअरबुक_नांदेड

७ पैकी ५ वाईटच. पण कुठल्या बेसवरचे होते ते बघा. कोणी आउट नसताना थर्डवरचा रनर आत येणं आणि दोन आउटवर फर्स्टवरचा येणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पाचातले चार थर्डवरचे असतील तर त्याचा दोष थोडाच.

एक गोष्ट मात्र खटकली. एरर दोन आउटनंतर झाला म्हणता, आणि वर लिहिलंय की त्यानं एकच आउट काढला. म्हणजे तो आला तेव्हा निदान एक आउट आधीच झालेला होता, आणि एररनंतर पुढं वॉकच वॉक. एरर झाल्यावर डोकं फिरतं का, हे चाचणीत मुद्दाम बघा. पाच काल्पनिक बॅटरपैकी एकाच्या वेळी कोणाला तरी ग्राउंडर मारायला लावा, इन्फिल्डरला तो मुद्दाम सोडायला सांगा आणि पुढचे तीन चेंडू कुठं पडतात ते लिहा.

कॅचर_लातूर

वेगासाठी फोन पुरतो. स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा, बाजूनं, हात आणि प्लेट दोन्ही दिसतील असा. चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंतच्या फ्रेम मोजा. १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे वाटेतला सरासरी वेग साधारण १२० किलोमीटर. १३० फ्रेम झाल्या तर ११० च्या आसपास. नेमका आकडा जाऊ द्या, पहिले पाच आणि शेवटचे पाच फास्टबॉल एकमेकांशी लावून बघा. कॅचर मात्र एकाच जागी बसला पाहिजे.

विसाव्या चेंडूपर्यंत १० फ्रेम वाढल्या आणि सोबत चेंडू वर जायला लागला, तर थांबवा आणि कोपराच्या आतल्या बाजूला दाबून विचारा, दुखतं का. वेग आणि ताबा एकदम गेला की दोष बहुतेक हातात असतो, तंत्रात नाही. तिथं दुखत असेल तर घ्यायचा विषयच संपला, पोराला अस्थिरोगतज्ज्ञाकडं पाठवा. कोपराच्या त्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं तर परत यायला बारा ते अठरा महिने लागतात.

आणि घेतलात तर वापर ठरवून करा. पिच स्मार्टच्या (पिचरचा हात जपण्यासाठीची अमेरिकेतली मार्गदर्शिका) तक्त्यात १९ ते २२ वयाला ३० चेंडूंपर्यंत विश्रांती लागत नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन दिवस. तो २३ चा असला तरी हेच धरा. सलग सामन्यांच्या स्पर्धेत रोज ३० च्या आत ठेवलात तरच तो शेवटच्या दिवशी उपयोगी पडेल. सुरुवातीला इनिंगच्या मध्ये आणू नका, बेस रिकामे असताना सहावी इनिंग त्याच्या हातात द्या.

डगआउट_जालना

बेस रिकामे असतानाच वापरायचा असेल तर रनर असताना कोण येणार? परत शॉर्टस्टॉपच ना?

कॅचर_लातूर

पहिल्या दोन सामन्यांपुरतं हो. तिसऱ्यात पहिला स्ट्राइक पडतोय का बघून बदला.

परभणी_इन्फिल्ड

ठीक. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणानंतर मैदान मोकळं आहे, तेव्हा बोलावतो. पाऊस झाला तर कच्च्या विटांवर ताडपत्री आधीच टाकतो. शेवटचं एक, प्लेटमागं जाळी लावू की कॅचर बसवू?

कॅचर_लातूर

कॅचरच, आणि तुमचाच. प्लेटआधी टप्पा पडलेला कर्व्ह स्पर्धेत त्यालाच अंगावर घ्यायचाय. दहा कर्व्ह मुद्दाम खाली टाकायला सांगा. तुमच्या कॅचरनं त्यातले आठ छातीवर अडवून समोर पाडले नाहीत, तर हा पिचर थर्डवर रनर असताना कर्व्ह टाकायला घाबरेल, आणि नुसत्या फास्टबॉलवर त्याचं काय होतं ते तुमच्या शीटवर आहेच.