मदत हवी आहे: खाणीच्या ढिगाऱ्यावर सपाटीची झाडं खुरटली, उताराची मात्र वाढली

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात आमच्या गावाला लागून कोळशाची एक बंद पडलेली खुली खाण आहे. तिथल्या ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या दगड-मातीच्या) ढिगाऱ्याचा माथा डोझरने सपाट करून मिळाला. तीन पावसाळ्यांपूर्वी आम्ही त्यावर ३०० रोपं लावली: साग, कडुनिंब, करंज, शिसू. दीड फुटाचा खड्डा, त्यात शेतातली काळी माती, शेणखत, सगळं रीतसर. पहिल्या वर्षी रोपं तरारली. मग जी थांबली ती थांबलीच. साग अजून माझ्या कमरेला लागत नाही, निम्मी रोपं तर गेलीच.

उरलेली वीसेक करंजं पोरांनी उतारावर खोचली होती, जिथे टिपरने माती नुसती ओतून सोडली आहे. ना खत, ना पाणी. ती आज डोक्याच्या वर गेलीत!

रविवारी एक मेलेला साग ओढला, तर हिसका न देताच हातात आला. कुंडीतून काढावा तसा काळ्या मातीचा गोळा आणि मुळं त्याच्याभोवती गोलगोल फिरलेली. खाली पहार मारली तर वीतभरावर ठण्ण! त्याच खड्ड्यात संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं, सकाळी जवळजवळ तेवढंच.

माती निकस आहे, युरिया टाका, असा सल्ला मिळाला. टाकू का? पुढच्या पावसाळ्यात आणखी २०० रोपं मिळणार आहेत.

प्रतिसाद १
सपाटीवरचे करंज केवढे आहेत?

धागाकर्ता
गुडघ्याएवढे. रोपं एकाच वाफ्यातली.

प्रतिसाद १
मग युरियाचे पैसे वाचवा, दादा. ओबीत नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब कमी असतोच, पण तो उतारावरही कमीच आहे. फरक दाबणुकीचा. डोझर आणि भरलेले टिपर फिरून फिरून जमीन रस्त्यासारखी झाली आहे. मुळाला वाट नाही, पाणी मुरत नाही, पावसाळ्यात मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात तहानेने मरतात. कठीण जमिनीत खड्डा करून त्यात चांगली माती भरणं म्हणजे जमिनीत कुंडी पुरणं. सागाला तर पाणी साचलेलं मुळीच खपत नाही.

अमेरिकेतल्या ॲपलाचियन कोळसापट्ट्यात हेच झालं. खाणीची जमीन पूर्ववत करायला लावणाऱ्या १९७७ च्या कायद्यानंतर खाणींच्या जमिनी गुळगुळीत करून, दाबून, वर दाट गवत पेरत. धूप थांबली, पण झाडं खुरटली. पुढे तिथे वरचा चारेक फुटांचा थर सैल ठेवून, कमीत कमी सपाटी करून झाडं लावायची पद्धत रूढ केली. दिसायला ओबडधोबड, पण झाडं वाढतात.

प्रतिसाद २
सहमत, पण आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. ढिगाऱ्यातून गंजासारखं तांबूस-पिवळं पाणी झिरपतं का? तसं असेल तर दगडातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवेशी आणि पाण्याशी मिळून आम्ल तयार करत असेल. सामू साडेचारच्या खाली गेला की ॲल्युमिनियम, मँगनीज विरघळून मुळं जाळतात. तिथे आधी चुना. आणि नागपूरजवळ गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसाची मळी) आणि मुळांशी राहणाऱ्या बुरशी-जिवाणूंची जोड देऊन झाडं वाढवली आहेत, ते पाहा. पण जमीन मोकळी केल्यावरच.

धागाकर्ता
तसं पाणी कुठे दिसत नाही, तरी सामू तपासतो. जमीन मोकळी करायला रिपरवाला (मागे जमीन फाडणारा दात असलेला) डोझर आता कोण देणार? पोकलेन चालेल का?

प्रतिसाद १
चालेल. तीन-चार फूट खोल उचलून तिथेच सोडायची, बकेटने थापटायची नाही. काम मे महिन्यात, माती कोरडी असताना. ओली असली तर फुटत नाही, नुसती लिंपली जाते. जिवंत झाडांपासून लांब राहा. एकदा उकरल्यावर पाण्याचा टँकरसुद्धा वर चढवू नका, पाइप ओढा. सागाचा मोह या खेपेला सोडा. करंज, शिसू जास्त घ्या, दोन्ही हवेतलं नत्र धरतात. आणि ऑपरेटर सवयीने शेवटी सपाट करायला जाईल, त्याच्याजवळ उभे राहा.